सोनेरी पन्नीचं रुखवत

वामनराव निखारे यांनी उभ्या आयुष्यात 'चुकलं माझं' हे दोन शब्द कधी तोंडातून काढले नव्हते. आता कोणी म्हणेल, कोण काढतो? बरोबर आहे, आपणही टाळतोच. पण आपण टाळतो ते अडखळत, इकडेतिकडे पाहत. वामनरावांचं तसं नव्हतं. ते कोराडीच्या वीजकेंद्रात स्टोअरकीपर होते, आणि एकवीस वर्षांच्या नोकरीत प्रत्येक चुकीला दुसऱ्याच्या घरचा पत्ता सांगण्याची त्यांना सवय जडली होती. नट कमी निघाले, तर वरूनच कमी आले. पट्टा भलत्याच मापाचा गेला, तर मागणाऱ्यानं नीट मागितला नाही. घरीही तोच खाक्या. रेशमाचा दोरा आणायला गेले आणि सुतळी घेऊन आले, तर म्हणे दुकानदार बहिरा. बारशाच्या पाहुण्यांना एक दिवस उशिराची तारीख कळवली, तर पोस्टानं घोळ घातला. त्यांची बायको इंदुताई हे सगळं ऐकून घेत, आणि शेवटी कंटाळून म्हणत, "बरं, चुकलं माझं. मीच नीट सांगतलं नसन." मग वामनराव मोठ्या मनानं तो विषय सोडून देत आणि चहा मागत.

इंदुताईंचं नाव सक्करदऱ्यात निघायचं ते रुखवतासाठी. लग्नाच्या मांडवात नवरीच्या हातच्या वस्तू मांडून वरपक्षाच्या बायांना दाखवतात, ते रुखवत. रंगवलेली मडकी, मण्यांची तोरणं, विणलेले पंखे, सजवलेली सुपं, नवरा-नवरीला बसायचे पाट. 'नवरीच्या हातच्या' हे आपलं म्हणायचं. नवऱ्या बिचाऱ्या कॉलेजात नाहीतर नोकरीवर, आणि हात इंदुताईंचा. अशी चाळीसेक रुखवतं त्यांनी केली होती, आणि दर वेळी पुढे पुठ्ठ्याची पाटी लागे, 'चि. सौ. कां. अमुक हिची हस्तकला'. हे आख्ख्या नागपूरला ठाऊक होतं आणि आख्खं नागपूर गप्प बसत होतं. रुखवत चांगलं झालं की सून गुणाची ठरे. बिघडलं की सुनेच्या नावावर जाई, आणि तिथून ते उतरत नसे.

त्र्याऐंशीच्या उन्हाळ्यात इंदुताईंच्या स्वतःच्या लेकीचं, देवकीचं लग्न होतं. देवकी शाळेत गणित शिकवायची. अपूर्णांक म्हणाल तर तोंडी सोडवी, पण सुईत दोरा ओवायचा म्हटलं की तिच्या डोळ्यांत पाणी येई. स्थळ उमरेडचं होतं. नवऱ्या मुलाचे वडील पोस्टमास्तर म्हणून रिटायर झालेले, त्यांना सगळं गाव भैयाजी म्हणे. मोकळा, खाणारा-पिणारा, बोलका माणूस. त्यांची काही भीती नव्हती. भीती होती त्यांच्या थोरल्या बहिणीची. अंजनाबाईंची. घर चालायचं ते तिच्या शब्दावर. घरात आधीची एक सून होती, तिच्या रुखवतात एका कापडी बाहुलीची मान जराशी कलली होती. अंजनाबाईंनी ती मान धरून आख्ख्या मांडवाला दाखवली. त्याला सहा वर्षं झाली, त्या सुनेला दोन पोरं झाली, तरी अजून उमरेडात तिला 'तिरप्या बाहुलीवाली' म्हणतात. देवकीचंही असं काही नाव पडू नये, एवढीच इंदुताईंची धडपड होती.

म्हणून त्या दिवाळीपासून राबत होत्या. मडकी झाली, तोरणं झाली, पाटांना लाल रंगाचे तीन हात झाले. सगळ्यात शेवटी सगळ्यावर सोनं चढवायचं, असा त्यांचा बेत होता. खरं सोनं नव्हे हो, सोनेरी पन्नी. सीताबर्डीच्या एका गल्लीत केशव नावाच्या बाइंडराचं दुकान होतं. पुस्तकांच्या पुठ्ठ्यावर सोनेरी अक्षरं छापायला तो ही पन्नी वापरी. वर पातळ चकचकीत कागद, खाली सोन्याचा हात. पन्नी पुठ्ठ्यावर ठेवायची, वरून तापलेला ठसा दाबायचा, की ठशापुरतं सोनं सुटून पुठ्ठ्याला चिकटतं. इंदुताईंनी त्यावरून आपली युक्ती काढली होती. वस्तूवर डिंकानं कोयरी काढायची, डिंक अर्धवट सुकला की पन्नी ठेवायची, रुमाल घालून कोमट इस्त्री फिरवायची, आणि वरचा कागद सोलून काढायचा. कोयरी सोन्याची होऊन खाली राहते. ही कला त्यांनी अजून कोणाच्या रुखवताला वापरली नव्हती. लेकीसाठी राखून ठेवली होती.

आणि लग्नाला बारा दिवस उरले असताना त्या नळावर घसरून पडल्या. उजवं मनगट मोडलं, कोपरापर्यंत प्लास्टर. हात मोडला म्हणून बाई रडली नाही. घरी आल्यावर ती लाल पाटांकडे पाहून रडली. "आता सोनं कोण करन?" शेजारच्या सिंधूताई हळदीचं दूध घेऊन आल्या होत्या, त्यांचे हात वयानं थरथरायचे. देवकीचं तर आपण पाहिलंच. तेवढ्यात पेपराच्या आडून वामनरावांचा आवाज आला, "मी करतो."

सिंधूताईंनी पेला खाली ठेवला. इंदुताईंनी नवऱ्याकडे बराच वेळ पाहिलं. सव्वीस वर्षांच्या संसारात या माणसानं आणलेली प्रत्येक गोष्ट त्यांच्या डोळ्यांपुढून गेली असेल, सुतळीसकट. पण दुसरा मार्गच नव्हता. त्यांनी सगळी कृती दोनदा सांगितली, तिसऱ्यांदा त्यांच्याकडून म्हणून घेतली, आणि म्हणाल्या, "केशवभाऊकडून नवी पन्नी आणा. सुपावर, पंख्यावर कोयऱ्या करा, पाटाले नुसता काठ. मी मधे बोलणार नाई, पाहायलेबी येणार नाई. लेक तुमचीबी आहे. तुमच्यावर सोडलं."

'तुमच्यावर सोडलं' हे ऐकून वामनरावांची छाती दोन बोटं फुगली. असं त्यांना कोणी म्हटलंच नव्हतं, ना घरी ना कोराडीला. दुसऱ्याच दिवशी त्यांनी चार दिवसांची सुटी टाकली आणि सीताबर्डीला गेले.

केशवनं कपाटातून नवी गुंडाळी काढून ठेवली होती. ती घेऊन निघायचं, की झालं. पण वामनरावांची नजर कोपऱ्यातल्या पोत्यावर गेली. पोतं सोनेरी पन्नीनं तुडुंब भरलं होतं. केशव म्हणाला, ते भंगार आहे, वापरलेली पन्नी, एका शाळेच्या बक्षिसांच्या फायली छापल्या त्याची. जिथं ठसा बसला तिथलं सोनं गेलं, बाकीचं तसंच आहे, पण कामाचं नाही, फेकायचं आहे. एवढं भंगार फेकायचं म्हटल्यावर स्टोअरकीपरच्या जिवाला काय होतं हे स्टोअरकीपरलाच विचारा. वामनरावांनी एक पट्टी हातात घेऊन लांब धरली. त्यांना चाळिशीचा चष्मा केव्हाच लागला होता, पण आपल्याला चष्मा लागला नाही असं त्यांचं ठाम मत होतं. त्यामुळे सोन्याच्या मधे मधे गेलेली अक्षरं त्यांना अक्षरं म्हणून दिसलीच नाहीत. त्यांना दिसली बारीक जाळी. उलट नव्या पन्नीत ही जाळीची नक्षी कुठे आहे, असं त्यांनीच केशवला विचारलं. केशवनं डोक्याला हात लावला, आणि पुन्हा एकदा स्वच्छ सांगितलं की भाऊ, यात अक्षरं गेली आहेत, पाहून घ्या. पाहिलं, असं म्हणून वामनराव पोतं सायकलच्या कॅरिअरला बांधून मोकळे झाले. नवी गुंडाळी दुकानातच राहिली. घरी इंदुताईंनी पन्नी नवी ना, असं विचारलं, तेव्हा ते म्हणाले, "नवीच. अशी पन्नी तू पाहिलीच नसन."

मग मागच्या खोलीचं दार लावून ते कामाला बसले. मे महिना, नागपूर, हातात कोळशाची इस्त्री, आणि कूलर बंद, कारण कूलरच्या वाऱ्यानं पन्नी उडायची. पहिल्या सुपावर इस्त्री इतकी तापली की पन्नी आक्रसून तिचा गोळा झाला. दुसऱ्या खेपेला डिंक ओलाच राहिला, आणि पन्नीऐवजी रुमाल चिकटला. पण तिसऱ्या खेपेला त्यांनी कागद सोलला, आणि खाली अख्खी कोयरी लखलखत होती. वामनराव बनियनवर, घामानं निथळत, त्या कोयरीकडे पाहत बसले. एकवीस वर्षं त्यांनी दुसऱ्यांनी बनवलेल्या वस्तू मांडून ठेवल्या होत्या. ही वस्तू त्यांनी स्वतः केली होती. त्यांना फार आनंद झाला, उगाच नाही म्हणायचं.

त्यानंतर मात्र गडी आवरेना. चार दिवसांत सुपं झाली, पंखे झाले, मडकी झाली. सोनं त्यांच्या कानाला लागलं, मिशीला लागलं. पाचव्या दिवशी ते कोराडीच्या बसमध्ये चढले तेव्हा कंडक्टर त्यांच्या सोनेरी भुवईकडे पाहून तिकीट द्यायचं विसरला. पाटांना नुसता काठ करायचा होता. पण काठ झाल्यावर पोत्यात अजून इतकी पन्नी उरली होती की ती परत नेणं त्यांच्या स्वभावात बसत नव्हतं. मग त्यांनी दोन्ही पाट अथपासून इतिपर्यंत सोन्यानं भरून काढले. पट्टीला पट्टी लावून, कडा जुळवून, अगदी मन लावून केलं. मग पाट लांब ठेवून, डोळे बारीक करून पाहिलं. सोन्यात लाल जाळीची नक्षी उठून दिसत होती.

इंदुताईंनी शब्द पाळला. त्या खोलीकडे फिरकल्यासुद्धा नाहीत. देवकीला हळदीनंतर कोणी हलू देत नव्हतं. लग्नाच्या दिवशी सकाळी घरापुढच्या मांडवात वामनरावांनी स्वतः सगळं मांडलं, वर रीतीप्रमाणे पांढरी चादर टाकली, आणि पुढे पाटी लावली, 'चि. सौ. कां. देवकी हिची हस्तकला'. वऱ्हाडाला जवळच्या शाळेत उतरवलं होतं. तो जानोसा. तिथून वाजतगाजत वरपक्षाच्या बाया आल्या. सगळ्यांच्या पुढे अंजनाबाई, डोक्यावरून पदर, कमरेच्या पिशवीत चष्मा.

चादर उचलली तेव्हा मांडवाच्या फटीतून ऊन नेमकं रुखवतावर पडलं होतं. बायांच्या तोंडून 'अगं बाई' निघालं. वामनराव पन्ह्याचा ट्रे धरून दाराशी उभे होते, त्यांना ते ऐकू गेलं आणि ते मनातल्या मनात खूश झाले. अंजनाबाईंनी तोरण उलटं करून गाठी पाहिल्या. मडक्याला टिचकी मारून पाहिली. बाहुलीची मान तर हलवून पाहिली. काही सापडेना. मग त्यांनी सूप उचललं, कोयरीत काहीतरी दिसलं म्हणून चष्मा काढला, पदरानं पुसला, डोळ्यांवर चढवला, आणि मोठ्यानं वाचलं.

"उत्तेजनार्थ."

बाया एकमेकींकडे पाहू लागल्या. अंजनाबाईंनी दुसरं सूप घेतलं. त्यावरही उत्तेजनार्थ. तिसऱ्यावर निम्मंच होतं, पण तेही तेच. पंखे पाहिले, मडकी पाहिली. आता शाळेच्या स्पर्धेत पहिला नंबर एकालाच मिळतो, दुसरा एकाला, आणि उरलेल्या पोरांच्या हाती उत्तेजनार्थ ठेवून त्यांना घरी पाठवतात. त्यामुळे पोतंभर पन्नीत बहुतेक तेच छापलेलं होतं. ज्या देवकीच्या गुणांचं हे प्रदर्शन, तिच्या प्रत्येक वस्तूवर आधीच निकाल लागून चुकला होता. दोघीतिघींनी पदर तोंडाला लावले. इतपत राहिलं असतं तरी हसण्यावारी गेलं असतं. पण अंजनाबाई पाटाशी आल्या आणि वाकल्या. पाट पूर्ण भरलेला असल्यामुळे त्यावर ओळीच्या ओळी आल्या होत्या. पट्टीला पट्टी लावताना प्रत्येक ओळीतलं आडनाव झाकलं गेलं होतं, बाकी सगळं लाल अक्षरांत स्वच्छ होतं. अंजनाबाईंनी एकेक शब्दावर बोट ठेवून वाचलं, "कै. भैयाजी स्मृती वक्तृत्व स्पर्धा."

आता नागपुरात भैयाजी काय कमी आहेत? प्रत्येक मोहल्ल्यात दोन जिवंत आणि एखादा स्वर्गवासी सापडेल. पण त्या घटकेला मांडवातल्या बायांना एकच भैयाजी माहीत होता.

अंजनाबाई सावकाश उभ्या राहिल्या. त्यांचा आवाज चढला नाही, तेच वाईट होतं. "माझा भाऊ तिकडे जानोशात दाढी करून राहिला," त्या म्हणाल्या, "आणि इथं सुनेनं लग्नाच्या पाटावर त्याले कैलासवासी करून ठेवलं."

सगळ्यांचे डोळे देवकीवर गेले. ती पिवळ्या लुगड्यात, मुंडावळ्या बांधून, आईशेजारी बसली होती. तिनं पाटाकडे पाहिलं. मग दाराशी उभ्या बापाकडे पाहिलं. गणिताची मास्तरीण ती, तिला हिशेब लागायला कितीसा वेळ? इंदुताईंचं तोंड पांढरंफटक पडलं होतं, प्लास्टरचा हात त्यांनी पोटाशी धरला होता. देवकीनं मान खाली घातली.

"चुकलं माझं, आत्याबाई," ती म्हणाली.

दाराशी ट्रे धरलेल्या वामनरावांनी तोंड उघडलं. त्यांच्या जिभेवर वाक्य तयार होतं. नेहमीप्रमाणे आपलं आपणच तयार झालं होतं, 'बाइंडरनं तशीच दिली.' तेवढं म्हटलं असतं की झालं असतं. तेही न म्हणता नुसतं गप्प राहिलं असतं तरी चाललं असतं, कारण पाटीवर नाव देवकीचं होतं, आणि रुखवताबद्दल कोणी नवरीच्या बापाला विचारत नाही. पण पोरीनं ते दोन शब्द ज्या आवाजात म्हटले होते, तो आवाज त्यांच्या ओळखीचा होता. हुबेहूब इंदुताईंचा. तेच खाली पाहणं, तेच विषय मिटवून टाकणं. आपली लेक हे आपल्याच घरात शिकली आणि आता दुसऱ्याच्या घरी घेऊन चालली, हे त्यांच्या ध्यानात आलं. त्यांना लाज वाटली. खरंच फार लाज वाटली, इतकी की ट्रे कुठे ठेवावा हेही सुचेना. तो त्यांनी एका वऱ्हाडणीच्या मांडीवर ठेवला आणि बायांच्या घोळक्यातून वाट काढत पाटापाशी आले.

"चुकलं माझं," ते म्हणाले. "पोरीनं हातबी लावला नाई, बाई. पन्नी मी आणली. केशवनं दोनदा सांगतलं की अक्षरं गेली आहेत, तरी आणली. नवी आणायची होती, भंगार आणलं. घरी नवी सांगतली. हिनं नुसता काठ सांगतला होता, पाट मी भरले. मले चष्मा लागला आहे, चार वर्सं झाली, थेबी मी कबूल केलं नाई."

इथं थांबायला हरकत नव्हती. पण सव्वीस वर्षांचं बूच निघालं होतं. "बारशाची तारीख मीच चुकीची लिहिली होती," ते इंदुताईंकडे वळून म्हणाले. "पोस्टाचा काही दोष नव्हता. आणि रेशमाच्या दोऱ्याच्या वेळेस थो दुकानदार बहिराबिहिरा नव्हता."

वऱ्हाडणींना दोरा कुठला आणि दुकानदार कोण, काही कळेना. पण घोळक्यात कोणीतरी फिसकन हसलं, आणि मग ते हसू पसरत गेलं. अंजनाबाई हसल्या नाहीत. त्यांनी खाली वाकून पाटाच्या कडेवरून बोट फिरवलं, पट्टीला पट्टी जिथं जुळली होती तिथं नख लावून पाहिलं.

"हे सोनं पुरुषानं केलं?"

"हो जी."

"जोड तर कुठं लागत नाई," त्या नाइलाजानं म्हणाल्या.

एव्हाना कोणीतरी जानोशात जाऊन वर्दी दिली होती की मांडवात तुमच्या नावामागे कै. लागलं. भैयाजी तसेच धावत आले, एका गालावर साबण, खांद्यावर पंचा. त्यांना पाट दाखवला. त्यांनी तो वाचला, मग सुपं वाचली, मग पुन्हा पाट वाचला. वामनराव हात जोडून उभे होते. भैयाजींनी आपल्या व्याह्याकडे गंभीर तोंडानं पाहिलं.

"इवाई," ते म्हणाले, "मारलं थे मारलं, पण उत्तेजनार्थ काहून? मेल्यावर तरी पहिला नंबर द्यायचा होता."

आणि ते पाटावर ऐसपैस बसले, म्हणजे वरचं वाचायचा प्रश्नच मिटला. पण अंजनाबाईंना शकुन-अपशकुनाचं असं मिटलेलं चालत नव्हतं. त्यांनी भावाला दंडाला धरून उठवलं, ताटातलं कुंकू ओलं केलं, आणि जिथं जिथं कै. होतं आणि जिथं जिथं स्मृती होतं, तिथं अंगठ्यानं एकेक टिळा लावला. मागे उरलं 'भैयाजी वक्तृत्व स्पर्धा'. याला कोणाची ना नव्हती, कारण त्या दिवशी पंगतीत भैयाजी पाऊण तास बोलले आणि मठ्ठा तीनदा गरम झाला.

हात पुसून अंजनाबाई देवकीपुढे आल्या. देवकी उठून उभी राहिली. आता पाटीवरच्या खोट्या नावाबद्दल ऐकून घ्यावं लागणार, असं सगळ्यांना वाटलं. अंजनाबाईंनी पाटीकडे पाहिलंही नाही. रुखवत कोण करतं हे उमरेडातही ठाऊक होतंच.

"दुसऱ्यानं केलेलं आपल्या अंगावर घ्यायची तुले सवय दिसते," त्या म्हणाल्या. "आमच्याकडं हे चालणार नाई. ज्यानं केलं त्यानंच म्हणायचं. समजलं?"

देवकीनं मान हलवली. अंजनाबाईंनी तिच्या मुंडावळ्या सरळ केल्या, आणि पन्हं कुठं आहे असं विचारलं. ट्रे अजून त्या वऱ्हाडणीच्या मांडीवरच होता.

लग्न लागलं. देवकी आणि तिचा नवरा त्याच सोनेरी पाटांवर बसले. संध्याकाळी पाठवणी झाली, आणि वऱ्हाडाच्या मेटॅडोरच्या टपावर पाट, सुपं, मडकी बांधून रुखवत उमरेडला गेलं. गाडी वळल्यावर घरात इतकी शांतता झाली की नळाचं थेंब थेंब गळणं ऐकू येत होतं. इंदुताई ओट्यावर बसल्या. वामनराव बराच वेळ मांडवात रिकाम्या खुर्च्या एकमेकींत घालत राहिले. ओट्यावर बायको आहे आणि तिला सामोरं जायचं आहे, हे त्यांना कळत होतं. भंगाराबद्दल ते तिच्याशी खोटं बोलले होते, आणि तिनं एकदाच विश्वासानं टाकलेल्या कामाचं काय झालं ते चारचौघांत दिसलं होतं. शेवटी खुर्च्या संपल्या. ते येऊन ओट्याच्या खालच्या पायरीवर बसले.

इंदुताई म्हणाल्या, "मघा मांडवात काय म्हणाले तुमी?"

"कोणतं? पन्नीचं?"

"नाई. पहिलं."

वामनरावांनी इकडेतिकडे पाहिलं. "चुकलं माझं," ते म्हणाले.

"ऐकू नाई आलं."

ते पुन्हा म्हणाले, या वेळी मोठ्यानं. इंदुताईंनी मान हलवली, आणि डाव्या हातानं ओट्याचा खांब धरून त्या उभ्या राहिल्या. भिंतीपलीकडे हाक मारली, "सिंधूताई, या वं इकडं जरा. हे काही म्हणून राहिले, तुमीबी ऐका."

सिंधूताई हात पुसत आल्या, ओट्यावर टेकल्या. वामनराव पायरीवरून उठले, आणि प्रार्थनेला उभं राहावं तसे उभे राहून तिसऱ्यांदा म्हणाले. वामनराव म्हणाले, चहा मीच ठेवतो, आणि आत गेले.

इंदुताई हसत होत्या. हसता हसता त्यांना रडू आलं, आणि प्लास्टरच्या हातानं डोळे पुसता येईनात, म्हणून सिंधूताईंनी आपल्या पदरानं पुसले. लेक गेली म्हणून रडता का, असं त्यांनी विचारलं.

"लेक गेली थे तर आहेच वं," इंदुताई म्हणाल्या. "पण सव्वीस वर्सं मले वाटत होतं का खरंच माझंच चुकते."